परफोरिन दिसलं नाही, की आपण चुकीच्या क्लोननं पाहिलं?

पेशीवेल्हाळ, पुणे

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे ज्या प्रयोगानं माझी झोप उडवली होती, त्याबद्दल सविस्तर लिहितेय. फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे लेसरखाली एकेक पेशी मोजण्याच्या तंत्रावर, काम करणारे इथे थोडे असतील, पण ज्यांच्या हातात असा एखादा रिपोर्ट पडतो त्यांनाही उपयोग होईल, म्हणून जमेल तितकं सोपं लिहिते.

आपल्या रक्तात मारेकरी पेशी असतात. एक एनके पेशी, दुसऱ्या सीडी८ टी-पेशी. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी सापडली की त्या तिला जाऊन चिकटतात आणि पोटातल्या बारीक पिशव्या, म्हणजे ग्रॅन्यूल, त्या सांध्यात रिकाम्या करतात. त्या पिशव्यांत परफोरिन नावाचं प्रथिन असतं. पिशवीत आम्लता असते तोवर ते मुकाट असतं. बाहेर पडून कॅल्शियम मिळालं की त्याचे वीसेक रेणू समोरच्या पेशीच्या पटलात कडं धरून बसतात आणि आरपार भोक पाडतात. त्या भोकाची रचना २०१० साली प्रसिद्ध झाली. आतला व्यास १३ ते २० नॅनोमीटरच्या घरात. त्यातून ग्रॅन्झाइम, म्हणजे त्याच पिशव्यांतली प्रथिनं कापणारी विकरं, आत शिरतात आणि ती पेशी स्वतःला संपवते.

हे परफोरिन पेशीत आहे का आणि किती आहे, हे पाहायला आपण प्रतिदीप्त अँटीबॉडी वापरतो. अँटीबॉडी परफोरिनला धरते, तिला जोडलेला रंग लेसरखाली उजळतो, आणि यंत्र एकेका पेशीचा उजेड मोजतं. ही कल्पना जुनी आहे. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये हार्वर्डला अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून न्यूमोकॉकस जंतू दाखवले होते.

आता माझी अडचण. निरोगी व्यक्तीच्या रक्तातल्या टी-पेशींना स्टॅफिलोकॉकसचं एक विष देऊन सहा तास चेतवलं. सोबत मोनेन्सिन, म्हणजे तयार होणारी प्रथिनं आतच अडकून राहावीत. चेतलेल्या पेशी ओळखायला इंटरफेरॉन गॅमा (चेतल्यावर त्या बनवतात ते निरोप्या प्रथिन) आणि त्याच ट्यूबमध्ये परफोरिन. अपेक्षा अशी की ज्या पेशी चेतल्या त्यांत परफोरिन वाढलेलं दिसेल. दिसलं उलट. इंटरफेरॉन बनवणाऱ्या सीडी८ पेशी परफोरिनला जवळजवळ कोऱ्या, आणि शेजारच्या शांत बसलेल्या पेशी मात्र छान उजळ.

अँटीबॉडी आत जावी म्हणून पेशीच्या पटलाला भोकं पाडणारं सॅपोनिन मी नव्यानं बनवलं. फॉर्माल्डिहाइडची बाटली बदलली. अँटीबॉडीचं प्रमाण दुप्पट केलं. दुसऱ्या तीन माणसांचं रक्त घेतलं. चित्र तेच.

शेवटी आमच्या शेजारच्या बाकावरच्या एका सीनियर ताईंनी एकच प्रश्न विचारला, "क्लोन कोणता?" म्हणजे परफोरिन ओळखणारी नेमकी कोणती अँटीबॉडी. मी वायल उचलून पाहिली: डेल्टा-जी९. त्या म्हणाल्या, "मग ती तुला खरंच सांगतेय. तिला ग्रॅन्यूलमध्ये साठवलेलं परफोरिनच दिसतं. साठा रिकामा झालाय आणि नवं अजून पिशवीत मुरलेलं नाही."

बी-डी४८ हा दुसरा क्लोन मागवला. त्याच पेशी, तोच दिवस, दोन वेगळ्या ट्यूब. डेल्टा-जी९च्या ट्यूबमध्ये चेतलेल्या पेशी कोऱ्या, बी-डी४८च्या ट्यूबमध्ये त्याच पेशींचा एक स्पष्ट उजळ पुंजका. सहा तासांत नवं परफोरिन बनलं होतं. मीच ते न पाहणाऱ्या डोळ्यानं पाहत होते.

वाचन केल्यावर कळलं की या क्षेत्रानंही हे अनुभवलंय. चेतलेल्या मानवी सीडी८ पेशी लगेच नवं परफोरिन बनवत नाहीत, असं बरीच वर्षं मानलं जात होतं, आणि त्यामागे मोठा वाटा डेल्टा-जी९चा होता. २००८ ते २०१० दरम्यान अमेरिकेतल्या एका गटानं बी-डी४८ वापरून दाखवलं की नवं परफोरिन झपाट्यानं बनतं आणि साठ्याच्या पिशव्यांत न जाता थेट सांध्याकडेही जातं. औषधाशिवाय एचआयव्हीला ताब्यात ठेवणाऱ्या लोकांच्या सीडी८ पेशींत हे विशेष ठळक होतं. एका अँटीबॉडीच्या नजरेमुळे केवढा भाग अंधारात राहिला होता!

म्हणून मला मनापासून वाटतं की "परफोरिन पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" हे वाक्य क्लोनच्या नावाशिवाय अर्धवट आहे. प्रयोगाच्या वहीत, प्रबंधात, रुग्णाच्या रिपोर्टवर, सगळीकडे. तुमचे अनुभव ऐकायला आवडतील.

---

घाटमाथा

विषय माझ्या वाटेचा नाही (मी सिव्हिलवाला), पण पूर्ण वाचलं. एक शंका: परफोरिन तेच, मग एक अँटीबॉडी त्याला ओळखते आणि दुसरी ओळखत नाही, असं कसं?

---

पेशीवेल्हाळ

@घाटमाथा, अगदी कळीचा प्रश्न. अँटीबॉडी आख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याच्या पृष्ठभागावरची एक छोटी जागा ओळखते. परफोरिन ५५५ अमिनो आम्लांची साखळी आहे आणि ती घड्या घालून बसते. काही जागा घडी कशीही पडली तरी उघड्या असतात, काही जागा ठरावीक घडीतच जुळून येतात. साडीची घडी घातल्यावर बुट्टा वर येतो आणि नेसल्यावर निऱ्यांत दडतो, तसं समजा. डेल्टा-जी९ला हवा असलेला बुट्टा ग्रॅन्यूलच्या आम्ल वातावरणातल्या परफोरिनवर वर असतो. तीच आम्लता एखाद्या रसायनानं घालवली तर परफोरिन असूनही डेल्टा-जी९चा उजेड जातो, बी-डी४८चा राहतो.

आणि क्लोन म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली, तंतोतंत एकसारखी अँटीबॉडी. हे तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांचं, १९७५चं. १९८४ मध्ये त्यावर नोबेल मिळालं. एक क्लोन म्हणजे एकच नजर. बळही तेच, मर्यादाही तीच.

---

घाटमाथा

बुट्ट्यामुळे कळलं. धन्यवाद.

---

बालरक्त

उत्तम धागा. मी लहान मुलांच्या रक्ताचे आजार पाहते, म्हणून दवाखान्याच्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडे ही तपासणी एचएलएचसाठी मागवली जाते, म्हणजे हिमोफॅगोसिटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, प्रतिकारशक्ती अनावर होऊन शरीरावरच उलटण्याचा आजार. चार महिन्यांचं बाळ, ताप उतरत नाही, पोट फुगलेलं, प्लीहा हाताला लागते, प्लेटलेट घसरताहेत, फेरिटिन हजारांत. पावसाळ्यात आधी डेंग्यूचाच विचार होतो, आणि डेंग्यूमुळेही एचएलएच होऊ शकतो. काळा आजार, स्क्रब टायफस, एपस्टीन-बार विषाणू यांमुळेही. पण बाळ लहान असेल, नात्यातलं लग्न असेल, आधीचं एखादं मूल असंच तापात गेलेलं असेल, तर जन्मजात दोष शोधावाच लागतो.

गुंता असा की मारेकरी पेशी मारू शकत नाहीत, म्हणून शांतही होत नाहीत. समोरची पेशी मरत नाही, चेतावणी चालूच राहते, इंटरफेरॉनचा पूर येतो, आणि मॅक्रोफेज पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. १९५२ मध्ये एडिनबर्गला फार्कर आणि क्लेरो यांनी एकाच घरातल्या भावंडांत हा आजार नोंदवला. त्यामागे परफोरिनचं जनुक आहे, हे कळायला १९९९ उजाडलं. मधली ४७ वर्षं किती घरांनी "कसला तरी ताप" म्हणून मुलं गमावली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आज एनके पेशींत परफोरिन दिसतंय का, हे एक-दोन मिलिलिटर रक्तात त्याच दिवशी कळू शकतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, आयसीएमआरची. तिथे या आजारांवर बरीच वर्षं काम चालू आहे. जनुकाचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात. तोवर या मुलाचं निदान बऱ्याच अंशी या एका चमकणाऱ्या अँटीबॉडीवर उभं असतं.

---

तिरकी_रेघ

धागाकर्तीशी थोडी असहमती नोंदवतो. मी निदानाच्या लॅबमध्ये आहे. रुग्णाच्या तपासणीत आम्ही पेशी चेतवत नाही, रक्त जसं येतं तसं रंगवतो. निदानासाठी डेल्टा-जी९च रुळलेली आहे आणि आमचे संदर्भ आकडेही तिच्यावरच बेतलेले. मग रिपोर्टवर क्लोन छापून डॉक्टरांचा गोंधळ का वाढवायचा? तुमची अडचण संशोधनातली आहे.

---

पेशीवेल्हाळ

@तिरकी_रेघ, न चेतवलेल्या रक्तात डेल्टा-जी९ चांगलं काम करते, हे मान्य. पण क्लोनचा प्रश्न तिथेही येतो. ए९१व्ही हा बदल घ्या. साखळीत ९१व्या जागी ॲलनिनऐवजी व्हॅलिन. परफोरिन बनतं, पण नीट घडी पडत नाही, पक्व रूपापर्यंत कमी पोचतं. डेल्टा-जी९ला ते कमी दिसतं, आणि तेच आपल्याला हवं असतं, कारण कामाचं परफोरिन खरंच कमी आहे. हाच नमुना कुणी अपक्व रूपंही धरणाऱ्या क्लोननं तपासला तर उजेड जास्त येऊ शकतो आणि रिपोर्ट धीर देणारा निघू शकतो. उद्या कुणी खरेदी विभागात स्वस्त पडतं म्हणून क्लोन बदलला आणि संदर्भ आकडे जुनेच ठेवले तर? रिपोर्टवर एक शब्द छापला की वाचणारा विचारू तरी शकतो.

---

बालरक्त

पेशीवेल्हाळ यांच्याशी सहमत. शिवाय नुसता टक्का देऊ नका, उजेडाची तीव्रताही द्या. अर्धवट दोषात "८० टक्के पेशी पॉझिटिव्ह" असं येतं, पण प्रत्येक पेशी मिणमिणती असते. टक्का पाहून आम्ही निर्धास्त होतो आणि आलेखाचा डोंगर डावीकडे सरकलेला असतो. मला आलेखाचं चित्र जोडलेला रिपोर्ट सगळ्यात आवडतो.

---

तिरकी_रेघ

ए९१व्हीचा मुद्दा पटला. खरेदीचाही, कारण तो प्रकार मी दुसऱ्या एका मार्करच्या बाबतीत पाहिलाय. आमच्या रिपोर्टच्या नमुन्यात क्लोन आणि रंग या दोन रकान्यांसाठी आजच मेल टाकतो.

---

सॅपोनिनवाला

लॅबमध्ये १४ वर्षं ट्यूबच धरल्यात, त्यामुळे हाताचं बोलतो. क्लोन बरोबर असूनही परफोरिन न दिसण्याची कारणं मी पाहिलीत ती अशी.

सॅपोनिननं पाडलेली भोकं कायमची नसतात. सॅपोनिन धुतलं की पटल परत मिटतं. नवीन मुलं पहिल्या टप्प्यात सॅपोनिन घालतात आणि अँटीबॉडी साध्या बफरमध्ये टाकतात. अँटीबॉडी बाहेरच राहते. अँटीबॉडीच्या वेळीही सॅपोनिन हवं, नंतरच्या वॉशलाही हवं. नाहीतर आत अडकलेली जादा अँटीबॉडी बाहेर निघत नाही आणि सगळंच चमकायला लागतं.

पेशीच्या बाहेरचे मार्कर, सीडी३, सीडी५६, सीडी८, आधी रंगवा, मग फिक्स करा, मग आतलं. आणि परफोरिन वाचायचं ते सीडी३ नसलेल्या, सीडी५६ असलेल्या एनके पेशींच्या गेटमध्ये, म्हणजे आलेखावर फक्त त्याच पेशी वेगळ्या काढून. लहान बाळाच्या सीडी८ पेशी बहुतेक अननुभवी असतात, त्यांत परफोरिन नसणं नैसर्गिकच. सगळ्या लिम्फोसाइटवर गेट लावून "परफोरिन ९ टक्के, कमी" असा रिपोर्ट एका ठिकाणाहून आलेला पाहिलाय. त्या बाळाच्या एनके पेशी ठणठणीत होत्या. त्या घरानं चार दिवस काय सोसलं असेल.

एनके पेशींतही सीडी५६ फार उजळ असलेला छोटा गट असतो, त्यात परफोरिन मुळातच कमी. मुख्य गट सीडी५६ मंद असलेल्यांचा, परफोरिननं भरलेला. एखाद्या आजारात मंद गट घटला तर सरासरी खाली येते आणि दोष नसताना दोष दिसतो.

आता कंट्रोल. आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे परफोरिन न ओळखणारी तुलनेची अँटीबॉडी, त्याच जातीचा घ्या. डेल्टा-जी९ ही उंदराची आयजीजी२बी आहे, बी-डी४८ आयजीजी१. एकीचा कंट्रोल दुसरीला चालत नाही. एनके पेशींवर सीडी१६ असतं, ते अँटीबॉडीची शेपटीच पकडतं, म्हणून आधी एफसी ब्लॉक, म्हणजे ती पकड झाकणारं द्रावण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रुग्णासोबत निरोगी माणसाचं रक्त, त्याच वेळी काढलेलं, त्याच डब्यातून आलेलं. प्रवासात रक्ताचं काय झालं ते त्यावरून कळतं. पण आईचं किंवा वडिलांचं नको! नमुना आणायला आईच येते, तिचंच रक्त काढलं जातं. आजार जन्मजात असेल तर आई वाहक असणार, आणि वाहकाचं परफोरिन मधल्या पातळीवर असू शकतं. फूटपट्टीच आखूड झाली.

---

गवाक्ष_जर्मनी

इथे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली परफोरिन पाहतो, त्याबद्दल थोडं. फ्लोमध्ये पीई हा रंग सगळ्यांचा लाडका, कारण फार तेजस्वी. तो लाल शेवाळातून येतो आणि वजन सुमारे २४० किलोडाल्टन, म्हणजे १५० च्या अँटीबॉडीपेक्षा जड. पण काचेवर तो पाहता पाहता विझतो. सूक्ष्मदर्शकासाठी अलेक्सा ४८८ घ्या. एफआयटीसीही चालतो, पण आम्लात मंदावतो आणि लवकर विझतो. मेथॅनॉलनं फिक्स करत असाल तर पीई विसराच, ते प्रथिन असल्यानं मोडतं.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: शांत एनके पेशीत परफोरिन तिळासारखं विखुरलेलं असतं. तिला लक्ष्य पेशी मिळाली की काही मिनिटांत सगळे तीळ एका बाजूला गोळा होतात, दोन पेशी चिकटल्यात त्या रेषेपाशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता.

उंदरावर काम करणाऱ्यांना सूचना: डेल्टा-जी९ माणसाचं परफोरिन ओळखते, उंदराचं नाही. त्यासाठी एस१६००९ए किंवा ओमॅक-डी. तेही शांत उंदराच्या एनके पेशींत दिसेलच असं नाही, कारण त्यांत संदेशवाहक आरएनए भरपूर असतो पण प्रथिन फार थोडं. आयएल-२ किंवा आयएल-१५ देऊन जागं केल्यावर दिसतं. याच कारणानं माझे सुरुवातीचे दोन महिने गेले.

---

शब्दवेडी

वाचतेय, बरंच डोक्यावरून जातंय, तरी सोडवत नाही. परफोरिनला मराठीत काय म्हणाल? "रंध्रकारी प्रथिन" कसं वाटतं? अँटीबॉडीला प्रतिपिंड आहेच.

---

पेशीवेल्हाळ

रंध्रकारी सुरेख आहे, अर्थही नेमका. प्रबंधाच्या मराठी सारांशात वापरीन. लॅबमध्ये मात्र "परफोरिन लावलंस का?" असंच बोललं जाईल.

---

सावली_नाशिक

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पाच महिन्यांची आहे. तीन आठवडे दवाखान्यात. काल रिपोर्ट आला: एनके पेशींत परफोरिन ३ टक्के, कंट्रोल ९१ टक्के. डॉक्टरांनी समजावलं, पण बहीण आणि जावई ऐकण्याच्या स्थितीत नव्हते, आणि मला अर्धंच कळलं. हा धागा शोधताना सापडला. कंट्रोल म्हणून बहिणीचं रक्त नव्हतं घेतलं, एका नर्सबाईंचं घेतलं होतं, एवढं मी आज विचारून घेतलं. रिपोर्टवर डेल्टा-जी९ लिहिलंय. याचा अर्थ काय?

---

बालरक्त

सावलीताई, तुम्ही विचारून घेतलंत हे फार चांगलं केलंत. बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. पण रिपोर्टची भाषा सांगते. बाळाच्या एनके पेशी आहेत, पण त्यांत परफोरिन जवळपास नाही. त्याच दिवशीचा कंट्रोल ९१ आलाय, म्हणजे तपासणी नीट झालीय. असा निकाल पीआरएफ१ या जनुकातल्या दोषाकडे, दुसऱ्या प्रकारच्या कौटुंबिक एचएलएचकडे, जोरदार बोट दाखवतो. जनुक तपासणीनं तो पक्का करतात. उपचार त्यासाठी थांबवत नाहीत, तिचे बहुधा सुरूही असतील: डेक्सामेथासोन, सोबत एटोपोसाइड. त्यानं वणवा विझतो. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट.

आणखी एक, बहिणीला नक्की सांगा: यात कुणाची चूक नाही. आई आणि वडील दोघंही वाहक असतात आणि दोघंही निरोगी असतात, त्यामुळे आधी कळायला मार्गच नसतो. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. जनुकातला नेमका बदल कळला की पुढच्या वेळी गर्भातच तपासता येतं. बाळाला भावंडं आहेत का?

---

सावली_नाशिक

मोठा भाऊ आहे, पाच वर्षांचा. एकदम खेळकर. दाता म्हणून त्याचं जुळतंय का ते बघणार म्हणाले. आणि आज सकाळी आणखी एक सीडी१०७ए नावाची तपासणी सांगितलीय. परफोरिन नाही हे कळल्यावर ती कशाला?

---

सॅपोनिनवाला

ताई, ती वेगळा प्रश्न विचारते. परफोरिनची तपासणी सांगते माल आहे का. सीडी१०७ए सांगतं पिशवी दारापर्यंत जाऊन रिकामी होते का. पिशवी पेशीच्या पटलाला मिळाली की तिच्या आतल्या बाजूचं सीडी१०७ए बाहेर दिसायला लागतं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रकारच्या कौटुंबिक एचएलएचमध्ये परफोरिन भरपूर असतं, पिशव्याच दारात अडकतात. म्हणून फक्त "परफोरिन नॉर्मल" यावर कुणीही थांबू नये, दोन्ही तपासण्या जोडीनं करतात. तुमच्या बाळाच्या बाबतीत चित्र पूर्ण व्हावं म्हणून सांगितली असेल.

या तपासणीला पेशी जिवंत लागतात. रक्त हेपॅरिनच्या, हिरव्या झाकणाच्या नळीत. जांभळ्या झाकणाची चालणार नाही, कारण त्यातलं ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि पिशव्या फुटतच नाहीत. बर्फ नको. खोलीच्या तापमानाला, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचेल असं.

---

बालरक्त

भावाबद्दल: नुसतं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळवून पाहतात ती पेशींवरची ओळखचिन्हं, जुळणं पुरेसं नाही. दाता ठरवण्याआधी त्याचंही परफोरिन पाहतात आणि बहिणीतला बदल त्याच्यात आहे का तेही. तो खेळकर आहे म्हणून ही पायरी गाळू देऊ नका. हा आजार काही मुलांत उशिरा डोकं वर काढतो. तो फक्त वाहक निघाला तर मात्र बहुतेकदा दाता होऊ शकतो.

---

पेशीवेल्हाळ

सावलीताई, काही लागलं तर रात्री-अपरात्री इथे लिहा. मी बघत राहीन.

---

सावली_नाशिक

सगळ्यांचे आभार. तुमचे प्रतिसाद कागदावर उतरवून घेतले आणि काल जावयांना वाचून दाखवले. बाळाचा ताप दोन दिवस नाही.

भावाचं रक्त सोमवारी पहाटे काढून मुंबईला न्यायचं ठरलंय, मी स्वतः घेऊन जातेय. कंट्रोलसाठी आमच्या शेजारचे काका तयार झालेत, नात्यातले नाहीत. दोन हिरव्या नळ्या, एकाच डब्यात, बर्फ नाही. डब्यावर दोघांची नावं आणि रक्त काढल्याची वेळ लिहून ठेवलीय.